एक ना धड, भाराभर रिमोट!



या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग आणि सरकारी योजनांविषयी वाचता. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो आहे टीव्हीच्या रिमोटचा. "कृषी विस्तार अधिकाऱ्यावर आता रिमोटवर लिहायची वेळ आली काय?" असे कोणी म्हणेल. पण आधी हकिकत ऐका, मग काय ते म्हणा.

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला परतीच्या पावसाने भाताचे नुकसान झाले होते. पंचनाम्याच्या निमित्ताने एका घरी गेलो. घरात म्हातारा-म्हातारी दोघेच. मुलगा आसनगावकडे कंपनीत दुसऱ्या पाळीला, नातू आश्रमशाळेत. हळवा भात कापून शेतात पसरला होता आणि रात्रीत पाऊस आला. लोंब्या चिखलात बसल्या, दाण्यांना कोंब फुटले. ओटीवर टीव्ही दिसला म्हणून सहज विचारले, "आजी, आदल्या संध्याकाळी बातम्यांत पावसाचा इशारा होता. ऐकला नाही का?"

आजी म्हणाल्या, "टीव्ही हाय ना साहेब, पन त्याला रिमोट दोन. एकानं पेटतो, दुसऱ्यानं बोलतो. मधेच कायतरी दाबलं गेलं नि निळा झाला. चार दिस तसाच हाय. नातू आल्याबिगर तो काय सरळ होत नाय."

पाऊस काही रिमोटने थांबला नसता, हे खरे. पण एक संध्याकाळ हाती लागली असती. एका संध्याकाळीत शेजाऱ्यांना हाक मारून भारे बांधता येतात, उडवी रचता येते, निदान ताडपत्री तरी टाकता येते. घरात टीव्ही आहे, छतावर छत्री आहे, वीज आहे. अडले कुठे, तर दोन रिमोटच्या मध्ये. त्या दिवसापासून मी भेटीला जाईन त्या घरात टीव्हीजवळचे रिमोट पाहतो. शहापूर असो की मुरबाड, बहुतेक ठिकाणी चित्र तेच. दोन चालू, एक बंद, एक रबर लावून बांधलेला. एक ना धड, भाराभर रिमोट!

दोन रिमोट आले कुठून?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या टीव्हीला रिमोट नव्हता. सरकत्या दारांचे लाकडी कपाट आणि पुढे दोन-तीन चकल्या, एवढाच कारभार. पुढे गावोगाव टीव्ही आले तेव्हा खरा रिमोट म्हणजे कौलावर चढलेला घरातला पोरगा. तो वरून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम आपल्या वाडवडिलांनी असाच पाहिला.

नंतर काळ बदलला. दूरदर्शनने आपली मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू केली. आज तिला 'डीडी फ्री डिश' म्हणतात आणि तिला महिन्याची वर्गणी नाही. केबलवाल्यांनाही ३१ मार्च २०१७ पर्यंत खेडोपाडी डिजिटल व्हावे लागले. दूरदर्शनने जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली. म्हणजे आता टीव्ही एकटा चालत नाही, त्याच्या शेजारी डबा लागतो. टीव्हीचा रिमोट एका कंपनीचा, डब्याचा दुसऱ्या कंपनीचा. टीव्ही चालू करायचा एकाने, चॅनेल बदलायचे दुसऱ्याने. आणि डब्याऐवजी टीव्हीच्या रिमोटचे चॅनेलचे किंवा 'सोर्स'चे बटण चुकून दाबले गेले, की टीव्ही डब्याकडे पाहायचे सोडून भलतीकडे पाहतो. पडदा निळा होतो, 'नो सिग्नल' अशी अक्षरे येतात. टीव्ही बिघडलेला नसतो, त्याचे फक्त तोंड फिरलेले असते.

रिमोट बोलतो कसा?

रिमोटच्या नाकावर मोहरीपेक्षा थोडा मोठा दिवा असतो. बटण दाबले की तो उघडझाप करतो. हा प्रकाश अवरक्त असतो, आपल्या डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक रिमोटमध्ये ही उघडझाप सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास चालते आणि तिच्यातूनच 'चालू हो', 'आवाज वाढव' असे इशारे जातात. प्रत्येक कंपनीचा इशारा निराळा. ढवळ्याला हाक मारली तर पवळ्या मान वळवत नाही, तसेच हे. म्हणून एकाचा रिमोट दुसऱ्याला चालत नाही.

या दुखण्यावर उपाय म्हणजे सर्व यंत्रांना चालणारा एकच रिमोट. बाजारात त्याला 'युनिव्हर्सल रिमोट' म्हणतात. ही कल्पना नवी नाही. टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट अमेरिकेत १९५५ मध्ये झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी बनवला. तो बॅटरीसारखा साधा प्रकाश टीव्हीच्या कोपऱ्यांवर टाकायचा, त्यामुळे ऊन पडले तरी टीव्हीला वाटायचे की हुकूम आला. पुढे १९८७ मध्ये, 'ॲपल' कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वोझ्नियाक यांनी दुसऱ्या रिमोटचे इशारे शिकून घेणारा 'कोअर' नावाचा रिमोट बाजारात आणला. तेव्हा ती महागडी चीज होती. आज तसा साधा रिमोट मुरबाडच्या किंवा शहापूरच्या बाजारात दीड-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो.

पैसे घालण्याआधी

बाजारात जाण्यापूर्वी घरच्या घरी तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, रिमोट खरोखर बंद आहे का? मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचे नाक कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट प्रकाश फेकतो आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्यात पाहा. तिथे बहुधा दिसतो. ठिपका दिसला नाही तर सेल बदला. आपल्याकडे पावसाळी दमट हवेने सेलखालच्या स्प्रिंगा गंजतात. त्या कोरड्या फडक्याने किंवा पॉलिश पेपरने घासून घ्या. निम्मे रिमोट एवढ्यावरच जिवंत होतात.

दुसरी गोष्ट, टीव्हीच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे हात फिरवा. बहुतेक टीव्हींना तिथे एक तरी बटण असते. त्याने टीव्ही चालू-बंद होतो आणि पुष्कळ टीव्हींत 'सोर्स'ही बदलता येतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, असे होऊ नये.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. तुमच्या डब्याच्या रिमोटकडे नीट पाहा. पुष्कळ रिमोटवर एका कोपऱ्यात वेगळ्या चौकटीत तीन-चार बटणे असतात आणि त्यांच्यावर 'टीव्ही' असे लिहिलेले असते. ही बटणे टीव्हीच्या रिमोटकडून शिकण्यासाठीच दिलेली आहेत. ती शिकवली की नवा रिमोट घ्यायचीच गरज नाही. पैसा खर्च न होता काम होते.

पहिली पद्धत : शिकवणे

डब्याचा रिमोट असो की बाजारातून आणलेला शिकणारा रिमोट असो, रीत जवळपास सारखीच आहे.

१. दोन्ही रिमोटमध्ये चांगले सेल घाला. कमजोर सेलवर शिकवणी करू नका.

२. दोन्ही रिमोट पाटावर किंवा टेबलावर नाकासमोर नाक ठेवा. मध्ये दोन-तीन बोटांचे अंतर राहू द्या. उन्हात किंवा थेट ट्यूबलाइटखाली बसू नका. पॉली यांच्या रिमोटला ऊन बाधले, तसे इथेही बाधते.

३. शिकणाऱ्या रिमोटचे 'सेट' बटण, किंवा त्या चौकटीतले लाल बटण, तीन ते पाच सेकंद दाबून धरा. वरचा बारीक दिवा पेटून स्थिर झाला की सोडा.

४. आता जे बटण शिकवायचे ते शिकणाऱ्या रिमोटवर एकदा दाबा. दिवा लुकलुकेल.

५. लगेच टीव्हीच्या जुन्या रिमोटवरचे तेच बटण सेकंदभर दाबा. दिव्याने दोन-तीनदा डोळा मारला की धडा पाठ झाला असे समजा.

६. याच रीतीने पाच बटणे शिकवा : चालू-बंद, आवाज जास्त, आवाज कमी, आवाज बंद आणि 'सोर्स'. चौकटीत चारच बटणे असतील तर 'आवाज बंद' सोडा, पण 'सोर्स' सोडू नका. शेवटी 'सेट' पुन्हा दाबा.

कंपनीप्रमाणे एखादे बटण इकडे-तिकडे होईल. सोबतचा कागद फेकू नका.

टीव्हीचा मूळ रिमोटच हरवला असेल तर? शिकवायला गुरुजी हवेतच. अशा वेळी गावात त्याच कंपनीचा टीव्ही कोणाकडे आहे ते विचारा. एका कंपनीच्या टीव्हींचे मुख्य इशारे बहुधा सारखे असतात. शेजाऱ्याचा रिमोट दहा मिनिटे मागून आणा, शिकवणी करा आणि परत द्या. बैलजोडीची सावड चालते, तशी रिमोटचीही चालते.

दुसरी पद्धत : आकडा घालणे

बाजारातल्या काही रिमोटसोबत कंपन्यांच्या नावांची आणि तीन किंवा चार आकड्यांची पुस्तिका येते. यासाठी मूळ रिमोट लागत नाही.

टीव्ही त्याच्या अंगावरच्या बटणाने चालू करा. नव्या रिमोटचे 'टीव्ही' बटण दाबा. मग 'सेट' दाबून धरा, दिवा स्थिर होऊ द्या. आपल्या कंपनीसमोरचा पहिला आकडा घाला. दिवा विझला म्हणजे आकडा घेतला. आता चालू-बंदचे बटण दाबा. टीव्ही बंद झाला तर पुढे आवाज आणि 'सोर्स' तपासा. चालू-बंद होते पण आवाज हलत नाही, असे झाले तर तो आकडा अर्धाच जुळला आहे. त्याच कंपनीचा पुढचा आकडा घाला. हे झाले की 'एसटीबी' किंवा 'सॅट' असे लिहिलेले बटण दाबून डब्याचा आकडाही याच रीतीने घाला.

जुळलेले आकडे एका कागदाच्या तुकड्यावर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवा. काही स्वस्त रिमोट सेल काढले की सगळे विसरतात. मग आकडा हाताशी असला की दोन मिनिटांत काम.

तिसरी पद्धत : शोधत जाणे

पुस्तिका हरवली किंवा तिच्यात आपली कंपनीच नाही, तर ही पद्धत. टीव्ही चालू ठेवा, रिमोट त्याच्याकडे रोखा, 'सेट' दाबून दिवा स्थिर करा आणि चालू-बंदचे बटण सावकाश, एकेकदा दाबत राहा. काही रिमोट एकदा सुरू केल्यावर आपोआप एकेक इशारा फेकत जातात. ज्या क्षणी टीव्ही बंद होईल त्या क्षणी थांबा आणि 'ओके' किंवा 'सेट' दाबून तो इशारा पक्का करा. पाच मिनिटे लागतील, पंधराही लागतील. घाई केली तर नेमका इशारा निघून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून आवण काढायची पाळी येते.

एक मर्यादा सांगून ठेवतो. बोलून हुकूम देण्याचे नवे स्मार्ट टीव्हीचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. ते बोलण्याचे काम साधा युनिव्हर्सल रिमोट करणार नाही. चालू-बंद आणि आवाज एवढी कामे मात्र बहुधा होतात. दुकानदाराला टीव्हीच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक दाखवा. मोबाईलवर फोटो काढून नेला तर उत्तम.

खरे काम यानंतरचे

रिमोट जुळला म्हणजे काम संपले, असे समजू नका. रिमोट जुळवतो घरातला तरुण मुलगा, आणि दुपारी-संध्याकाळी घरात असतात आई, आजी, आजोबा. मुलगा सुट्टीच्या दिवशी सगळे भराभर दाबून दाखवतो, "कळलं ना?" म्हणतो आणि निघून जातो. हे शिकवणे नव्हे. शेतीच्या प्रात्यक्षिकात आम्ही शेतकऱ्याच्या हातानेच गोळी खोचून घेतो. चार चुडांच्या मधोमध ब्रिकेट कशी खोचायची हे बांधावर उभे राहून ऐकले तर विसरते, चिखलात वाकून केले तर हाताला बसते. रिमोटचेही तसेच आहे.

म्हणून तीन कामे करा. घरातल्या नेलपॉलिशने चालू-बंदच्या बटणावर ठसठशीत लाल ठिपका द्या आणि 'सोर्स'वर दुसऱ्या रंगाचा. दुसरे, जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहून टीव्हीजवळ लावा : 'लाल ठिपका – टीव्ही सुरू. पडदा निळा झाला – दुसरा ठिपका, डब्याचे चित्र येईपर्यंत. बातम्या – चॅनेल क्रमांक अमुक.' सह्याद्री वाहिनीचा तुमच्या डब्यावरचा क्रमांक पाहून तिथे घाला. आजीला अक्षर येत नसेल तर ठिपक्यांची चित्रे काढा. तिसरे, तुम्ही हात मागे बांधून उभे राहा आणि आजीच्या हातून टीव्ही तीन वेळा बंद-चालू करून घ्या. मुद्दाम पडदा निळा करा आणि त्यांनाच सरळ करू द्या. तिसऱ्या वेळी त्या तुमच्याकडे पाहणार नाहीत, पडद्याकडे पाहतील. तेव्हा समजा की रिमोट घरच्यांच्या हातात आला.

सोबत हवामान खात्याचे रंगही सांगा : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावले उचला. माळशेजच्या पायथ्याला किंवा डोंगरकपारीच्या पाड्यात मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. छत्री मात्र थेट उपग्रहाकडे तोंड करून असते. फक्त विजा कडाडू लागल्या की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. इशारा त्याच्या आधी ऐकायचा.

लहान मुलांच्या घरात आणखी एक जपा. काही चिमुकल्या रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो. पोराने तो गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच पावली रुग्णालय गाठा.

सरपंच आणि भाऊसाहेबांसाठी

आता दोन शब्द ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे गावाच्या तोंडी अजून असलेले ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि सरपंच, मुख्याध्यापक, अंगणवाडी ताई यांच्यासाठी.

मुरबाड तालुक्यात टोकावड्याकडच्या एका गावात खरिपाआधी चारसूत्री भात लागवडीची फिल्म पेनड्राइव्हवर घेऊन गेलो होतो. समाजमंदिरात चाळीसेक माणसे जमली, निम्म्या बायका. टीव्ही मोठा, भिंतीवर घट्ट बसवलेला, आणि रिमोट गायब. भिंत आणि टीव्ही यांच्यात बोट जाईना, म्हणून मागचे बटणही सापडेना. अर्धा तास शोधाशोध झाली. एक आजोबा उठता उठता म्हणाले, "साहेब, तुमचा टीव्ही मुका हाय. तुमीच बोला." मी बोललो, पण तोवर बायका पाण्याला निघून गेल्या होत्या. रोप लावणाऱ्या त्याच, आणि ज्यांनी पाहायचे त्यांनीच पाहिले नाही. पुढच्या फेरीला बाजारातून रिमोट नेला. जुळवायला दहा मिनिटे लागली. तो टीव्ही त्याआधी कित्येक महिने बंद होता.

यंत्र गावात येणे ही अर्धीच गोष्ट आहे. डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या धसईचे नाव रोकडरहित गाव म्हणून देशभर गाजले, तेव्हा दुकानादुकानात कार्ड घासायची यंत्रे आली होती. यंत्र कोणतेही असो, ते चालवणारा हात आणि किरकोळ दुरुस्ती करणारा माणूस गावातच हवा.

तेव्हा एवढे करा. टीव्ही जडवस्तू नोंदवहीत असतो, त्याच ओळीत रिमोटचीही नोंद घ्या. समाजमंदिर, शाळा आणि अंगणवाडीच्या प्रत्येक टीव्हीसाठी दोन रिमोट जुळवून ठेवा : एक दोरीने भिंतीला बांधलेला, दुसरा कपाटात. तीन ओळींची पाटी टीव्हीखाली लावा. चावी आणि रिमोट एखाद्या महिला बचत गटाकडे द्या. आणि कोणताही टीव्ही नादुरुस्त म्हणून निर्लेखनाला काढण्याआधी त्याच्यासमोर एकदा चालू रिमोट धरून पाहा. हजारोंची वस्तू दीडशे रुपयांसाठी भंगारात जाऊ नये. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय पाच मिनिटे घेतला तर पेरणीआधी गावातले बंद टीव्ही बोलू लागतील.

त्या डोळखांबकडच्या आजींच्या घरी मी नंतर गेलो. डब्याच्या रिमोटवरच चार बटणांची चौकट होती. पाटावर दोन रिमोट नाकासमोर नाक ठेवले आणि आजींनाच दाबायला लावले. नुकसान भरून निघाले नाही, कोंब फुटलेला भात कोंबड्यांपुढे गेला. पण पुढच्या कापणीच्या दिवसांत त्या वाटेने गेलो तर शेतात भारे बांधायची घाई चालली होती. म्हटले, "आजी, अजून ऊन आहे की!"

"उद्या सांजच्याला गडगडनार हाय, नारिंगी सांगितलाय," आजी म्हणाल्या. "उभा काय रातोस साहेब, दोर धर!"

मी दोर धरला. बंधू-भगिनींनो, कापणीची वाट पाहू नका. आज संध्याकाळी आपल्या घरातले रिमोट एका पाटावर काढा आणि कामाला लागा.